देगाच्या नर्तिका नाचत का नाहीत?

पाचोळा

गेल्या महिन्यात नणंद आणि तिची लेक पुण्याहून आल्या होत्या. न्यूयॉर्क दाखवायचं म्हणजे मेट म्युझियम आलंच. भाची दहा वर्षांची. इजिप्तच्या ममीपर्यंत ती खूश होती, मग पाय दुखायला लागले. एकोणिसाव्या शतकातल्या फ्रेंच चित्रांच्या दालनात पोचलो तेव्हा ती रडकुंडीला आलेली. एदगार देगाच्या 'द डान्स क्लास' या चित्रासमोर मी तिला म्हटलं, हे बघ, नाचणाऱ्या मुली! तिने दोन मिनिटं नीट बघितलं आणि म्हणाली, "मामी, पण यातलं कुणीच नाचत नाहीये."

मी ते चित्र याआधी चारपाच वेळा तरी पाहिलं असेल. माझ्या कधी लक्षात आलं नव्हतं. खरंच कुणी नाचत नाही! दोन डझन बायका-मुली आहेत, त्यांतली जेमतेम एक जण मास्तरांसमोर एक पाय मागे उचलून उभी आहे. बाकीच्या वाट बघताहेत. कुणी झगा सारखा करतेय, कुणी नुसतीच उभी आहे. मागे भिंतीशी त्यांच्या आया बसल्यात. मधोमध पांढऱ्या केसांचे मास्तर काठी टेकून उभे. हे ज्यूल पेरो, एके काळचा गाजलेला नर्तक. 1841 सालच्या 'जिझेल' बॅलेच्या रचनेत त्याचा मोठा वाटा होता. चित्रात तो म्हातारा झालाय.

घरी आल्यावर वाचत बसले आणि एकेक गोष्टी कळत गेल्या. हे चित्र 1874 चं. ज्याँ-बातिस्त फोर नावाच्या ऑपेरा गायकाने ते काढून घेतलं होतं. भिंतीवर रॉसिनीच्या 'गियोम तेल' ऑपेराचं पोस्टर चिकटवलंय, तो या गिऱ्हाइकाला केलेला सलाम. आणि गंमत म्हणजे ही तालमीची खोली पॅरिसच्या ज्या जुन्या ऑपेरागृहातली, ल पेलतिए रस्त्यावरच्या, ते 1873 च्या ऑक्टोबरमध्ये जळून खाक झालं होतं. म्हणजे चित्र पुरं झालं तेव्हा खोलीच शिल्लक नव्हती! पुढे 1875 च्या जानेवारीत गार्निएचं नवं झगमगीत ऑपेरागृह उघडलं, तरी देगाच्या चित्रांत ती जुनी इमारत येतच राहिली.

अजून एक. आपण समजतो की बुवा खुर्ची टाकून तालमीत बसला असेल आणि समोर दिसेल ते काढत असेल. पण तसं नव्हतं. त्याने आल्बेर एश्त या ओळखीच्या संग्राहकाला पत्र लिहून नृत्यपरीक्षेच्या दिवशी आत जायचा पास मागितला होता. त्यात तो कबूल करतो की अशा परीक्षांची इतकी चित्रं न बघताच काढलीत, की आता जरा लाज वाटते. मुली त्याच्या स्टुडिओत येऊन एकेकट्या उभ्या राहायच्या, तो त्यांची रेखाटनं करायचा आणि मग ती रेखाटनं मनातल्या खोलीत मांडायचा. एकच मुलगी दोन वेगळ्या चित्रांत वेगळ्या कोपऱ्यात सापडते.

पॅरिसच्या ऑर्से म्युझियममध्ये याचं जुळं भावंड आहे. तेच पेरो मास्तर, तशीच खोली. तिथे डाव्या बाजूला पियानोवर एक मुलगी चढून बसलीय आणि चक्क पाठ खाजवतेय. खाली एक छोटं कुत्रं. आणि एक झारी! बागेत असते तसली. नाचाच्या वर्गात झारी कशाला, हे कुणी सांगेल का?

मला एवढंच म्हणायचंय की हा माणूस नाचाचा चित्रकार नाहीच. नाच सुरू होण्याआधीचा आणि संपल्यानंतरचा जो कंटाळा असतो, त्याचा तो चित्रकार. तुम्हाला काय वाटतं?

मुक्काम पोस्ट

छान लिहिलंय. भाचीला माझ्यातर्फे एक चॉकलेट. पुढील लेखनास शुभेच्छा.

तिसरी घंटा

झारीचं मी सांगतो. लाकडी फळ्यांची जमीन, वर पंचवीस-तीस जणींच्या उड्या. धूळ उडते आणि पायही घसरतो. म्हणून तालमीआधी पाणी शिंपडायचे. आमच्या नाटकाच्या तालमीच्या हॉलमध्येही उन्हाळ्यात एक जण बादली घेऊन हेच करायचा, त्यामुळे झारी बघितली की मला चित्र एकदम ओळखीचं वाटतं.

तुमच्याच मेटमध्ये झारीचं खरं चित्र आहे, ते तुमच्या नजरेतून सुटलेलं दिसतंय. 'बारवर सराव करणाऱ्या नर्तिका', 1877. दोघी जणी भिंतीलगतच्या दांड्यावर पाय टाकून ताणताहेत आणि बाकी सगळी जमीन मोकळी. डावीकडे झारी. आता उजवीकडच्या मुलीकडे बघा आणि मग झारीकडे बघा. मुलीचा वर गेलेला पाय म्हणजे झारीची तोटी, वाकलेला हात म्हणजे मूठ. एकदा दिसलं की दिसतच राहतं.

ठोंब्या

मला हे 'कंटाळ्याचा चित्रकार' प्रकरण जरा जास्तच वाटतं. माझ्या दंतवैद्याकडे वेटिंग रूममध्ये देगाचं पोस्टर आहे. गुलाबी-निळे झगे, धुरकट उजेड. गोड कॅलेंडर. त्याच्याखाली बसून मी दोन रूट कॅनाल केलेत, मला कधी श्रमबिम दिसले नाहीत.

पाचोळा

@तिसरी घंटा, बाप रे! तोटी आणि पाय! पुढच्या खेपेला जाऊन बघतेच.

@ठोंब्या, तुमच्या दंतवैद्याकडे बहुतेक 'लेत्वाल' असेल. रंगमंचावर एकटी नर्तिका, हात पसरलेले, वरून बघितल्यासारखं? असेल तर उद्या जाल तेव्हा डावीकडे पडद्याच्या आडोशाला बघा. काळ्या सुटातला एक माणूस उभा आहे. त्याचं डोकं दिसत नाही.

ठोंब्या

उद्या नाही जायचंय, देव करो नि न जावं लागो. पण गूगल करून बघितलं. आहे खरा. हा कोण? मॅनेजर?

तिसरी घंटा

वर्गणीदार. ऑपेराची वर्षाची वर्गणी भरलेल्या बड्या पुरुषांना विंगेत आणि नर्तिकांच्या दिवाणखान्यात जायची मुभा असे. गार्निएच्या इमारतीत तर रंगमंचाच्या मागेच यासाठी सोनेरी दालन बांधलं. बॅंकर, सरदार, राजकारणी, सगळे तिथे. मुली बहुतेक धोबिणींच्या, दरवानांच्या, शिवणकाम करणाऱ्यांच्या. पगार तुटपुंजा. कुणाची मर्जी बसली तर घरभाडं सुटलं. आया कोपऱ्यात बसतात त्या मुलीची राखण करायला, आणि काही वेळा सौदा ठरवायलाही. लहान मुलींना ऑपेरात 'पती रा' म्हणत, म्हणजे छोटे उंदीर.

देगाने हा काळा सूट कितीतरी चित्रांत ठेवलाय. कधी अर्धाच, कधी नुसते पाय. त्यावर शेरा मारत नाही, पण काढूनही टाकत नाही.

मुक्काम पोस्ट

म्हणजे आपल्याकडची लावणीची बारीच की. पुढच्या रांगेत मालक, मागे मावशी.

खडूफळा

मुक्काम, वरवर सारखं दिसतं, पण बारी चालवते ती बाई स्वतः मालकीण असते, तिथे हिशेब वेगळा. पॅरिसची ऑपेरा सरकारी अनुदानावर चालणारी संस्था, तिथे नोकरीची उतरंड, परीक्षा, दंड. तिकडचं तिकडेच राहू दे. बारीवर वेगळा धागा काढा, मी येतो.

आता मूळ मुद्दा. (मी तीस वर्षं शाळेत चित्रकला शिकवली, त्यामुळे लांबण लागेल, आधीच माफी.) देगाला दृक्प्रत्ययवादी (म्हणजे इम्प्रेशनिस्ट) म्हणायचं की नाही इथूनच सुरुवात आहे. 1874 पासून 1886 पर्यंत त्या मंडळींची आठ प्रदर्शनं झाली. देगा सातांत होता, 1882 चं तेवढं सुटलं. भरवायच्या खटपटीतही पुढे असायचा. पण त्याला 'इम्प्रेशनिस्ट' म्हटलेलं खपायचं नाही, तो स्वतःला वास्तववादी म्हणवायचा. त्याच मंडळींतला मोने उन्हात उभा राहून रंगवतो; देगा म्हणायचा, निसर्गात बसून देखावे काढणाऱ्यांवर नजर ठेवायला पोलीस ठेवले पाहिजेत. थट्टेतच, पण थट्टा करायची त्याची पद्धत ही अशी.

आणि तो स्वतः सांगायचा, माझ्या कलेइतकी उत्स्फूर्त नसलेली कला दुसरी नाही. जे चटकन टिपल्यासारखं दिसतं ते महिनोन्महिने घोटलेलं असतं. चित्राच्या कडेला अर्धी कापलेली नर्तिका, मधे रिकामी जमीन, वरून बघणारा डोळा, हे जपानी छाप्यांतून घेतलेलं. 1870 च्या सुमाराच्या 'ऑपेराचा वादकवृंद' या चित्रात तर पुढे बासून हे फुंकवाद्य वाजवणारा त्याचा मित्र देझिरे दिओ अगदी ठसठशीत, आणि वर रंगमंचावर नर्तिका आहेत त्या नुसते पाय नि झगे. मुंडकी चौकटीबाहेर!

ठोंब्यांच्या 'धुरकट'चंही उत्तर त्याच्या हातचलाखीत आहे. 'लेत्वाल' हे तैलचित्र नव्हे. आधी धातूच्या पत्र्यावर काळ्या शाईने चित्र काढायचं, कागद ठेवून प्रेसमधून काढायचा. एकच छापा नीट उठतो, दुसरा फिकट येतो. त्या छाप्यावर मग पेस्टल (रंगीत खडू) घासायचं. अंधार आधीपासून कागदात असतो, रंग त्याच्यावर पडतो. म्हणून तो झगा खालच्या दिव्याने पेटल्यासारखा वाटतो.

आणि बारवाल्या चित्रात तेल जवळजवळ नाहीच. टिपकागदावर रंग ठेवून तेल शोषून घ्यायचं, उरलेला रंग टर्पेंटाइनमध्ये पातळ करायचा. सुकला की चमक नाही, भिंतीच्या चुन्यासारखा कोरा.

तिसरी घंटा

'पेटल्यासारखा' यावरून. हा शब्द त्या थिएटरात कुणी सहज वापरला नसता. रंगमंचाच्या कडेला गॅसच्या ज्योती आणि वर जाळीचे झगे. 1862 च्या नोव्हेंबरमध्ये त्याच ल पेलतिएच्या ऑपेरात एमा लिव्री नावाच्या वीस वर्षांच्या नर्तिकेचा झगा तालमीत पेटला. आग न धरणारं मीठ कापडाला लावायची सोय होती, पण त्याने झगा कडक नि मळकट होतो म्हणून तिने नको म्हटलं होतं. आठ महिने भोगून ती गेली. तिथल्या लोकांना देगाच्या चित्रातला खालून येणारा तो पिवळा उजेड नुसता सुंदर दिसला नसणार.

गिरकी

बरेच दिवस वाचनमात्र होते, या धाग्यासाठी लॉगिन केलं.

मी वयाच्या चौतिसाव्या वर्षी हौसेने बॅले क्लास लावला. तीन वर्षं झाली, प्रगती विचारू नका. पण देगाच्या चित्रांत काय बरोबर आहे ते मी सांगू शकते. पाठ खाजवणारी मुलगी शंभर टक्के खरी! चोळी पाठीशी घट्ट असते, घाम आला की शिवणीच्या कडेला खाज सुटते आणि हात पोचत नाही. तिने मान मागे टाकून तोंड कसं केलंय बघा. दुसरं, उभ्या उभ्या वाट बघतानाही पावलं बाहेरच वळलेली. ते सवयीने होतं. मी आता भाजीच्या रांगेतही तशीच उभी असते, नवरा बदक म्हणतो.

वाकून बुटाची रिबन बांधणाऱ्या, घोटा चोळणाऱ्या बायका त्याने किती काढल्यात! कारण क्लासमध्ये दीड तासातला अर्धा वेळ तेच चालतं.

'चौदा वर्षांची छोटी नर्तिका' माहीत असेलच. एक दिवस आरशासमोर तिच्यासारखी उभी राहून बघितलं. उजवा पाय पुढे, वळलेला. भार मागच्या पायावर. हात पाठीमागे नेऊन बोटं एकमेकांत, कोपरं सरळ. हनुवटी वर, डोळे अर्धवट मिटलेले. दिसायला आरामात उभी आहे. दोन मिनिटांत माझे खांदे भरून आले. आणि ती पोरगी असं तासन्‌तास देगासमोर उभी राहिली असणार.

पाचोळा

गिरकी, तुम्ही वाचनमात्र राहू नका हो. त्या मुलीबद्दल अजून लिहा ना कुणीतरी.

खडूफळा

मारी व्हान गोएतेम. जन्म 1865, आईवडील बेल्जियममधून आलेले, आई धोबीण. देगाच्या स्टुडिओच्याच भागात राहायची. मूर्ती मेणाची, उंची साधारण एक मीटर. त्यावर खऱ्या केसांचा टोप, खरी चोळी, जाळीचा झगा, खरे बूट, केसांत साटिनची रिबन. 1880 च्या प्रदर्शनाच्या यादीत नाव छापलं, पण मूर्ती आलीच नाही; 1881 ला काचेच्या कपाटात ठेवली. लोक हादरले. कुणाला माकड दिसलं, कुणाला अ‍ॅझ्टेक. कला सोडून प्राणिसंग्रहालयात ठेवायची वस्तू, असा एकूण सूर. युइसमान्स या लेखकाने मात्र लिहिलं की आधुनिक शिल्पाचा खराखुरा प्रयत्न आपल्याला माहीत आहे तो हा एकच.

त्यानंतर देगाने जिवंतपणी एकही शिल्प प्रदर्शनात ठेवलं नाही. 1917 मध्ये तो गेला, तेव्हा स्टुडिओत मेणाची नि मातीची दीडशेच्या आसपास शिल्पं निघाली, बरीच मोडकळीला आलेली. आज जगभर दिसतात ती ब्रॉंझची ओतकामं त्यानंतरची. मूळ मेणाची मुलगी वॉशिंग्टनच्या नॅशनल गॅलरीत आहे. तिचे क्ष-किरण फोटो काढले तेव्हा आत शिशाच्या नळ्या नि तारा निघाल्या, आणि दंडाला जाडी यावी म्हणून रंगाच्या ब्रशांचे दांडे कोंबलेले! शाळेत आमच्याकडे आर्मेचरला (मूर्तीच्या आतल्या सांगाड्याला) सामान नसलं की मुलं हेच करायची. हे वाचल्यापासून देगा मला जरा घरचा वाटायला लागला.

ठोंब्या

आणि मारीचं काय झालं?

खडूफळा

1882 मध्ये ऑपेरातून काढून टाकलं. गैरहजेऱ्या. त्यानंतरचा माग नाही. धाकटी बहीण लुईज-जोझेफिन मात्र टिकली, पुढे ऑपेरातच नृत्यशिक्षिका झाली.

ठोंब्या

हं. मग आता मी उलट बाजूने बोलतो. तुम्ही सगळे देगाला श्रमिकांचा कैवारी करताय. त्या 1881 च्याच प्रदर्शनात त्याने दुसरं काय ठेवलं होतं, ठाऊक आहे? (गूगलमध्ये रात्र घालवली, दोष पाचोळांचा.) कोर्टात बघितलेल्या तरुण खुन्यांची पेस्टल. नाव दिलं 'गुन्हेगारांचे चेहरे'. त्या काळात कपाळ नि जबडा बघून माणूस जन्मतःच गुन्हेगार ठरवायचं खूळ होतं. आणि शेजारी ही चौदा वर्षांची मुलगी, बसकं कपाळ, पुढे आलेलं तोंड. लोकांना माकड दिसलं ते उगाच नव्हे, त्याने ते दाखवलं होतं. शिवाय म्हातारपणी ड्रायफस प्रकरणात (एका ज्यू लष्करी अधिकाऱ्यावर देशद्रोहाचा खोटा आरोप झाला ते) हा कट्टर ज्यूविरोधी झाला, ज्यू वंशाच्या आलेवी कुटुंबाशी जन्माची मैत्री तोडली. असल्या माणसाच्या मनात त्या पोरींबद्दल कळवळा होता म्हणणं मला जड जातं.

पाचोळा

कळवळा मी म्हटलं नाही. बघणं म्हटलं तर? तो स्वतःच व्होलार या चित्रव्यापाऱ्याला म्हणाला होता की लोक मला नर्तिकांचा चित्रकार म्हणतात, पण नर्तिका हे माझ्यासाठी सुंदर कापडं रंगवायचं नि हालचाल दाखवायचं निमित्त आहे.

गिरकी

'निमित्त' ऐकून राग यायला हवा, मला येत नाही. आमच्या बाईसुद्धा माझ्याकडे कळवळ्याने बघत नाहीत. त्या माझ्या गुडघ्याकडे बघतात. गुडघा चुकला तर त्यांना लगेच दिसतो, आणि मी क्लासला तेवढ्यासाठीच जाते. कळवळ्याने बघणाऱ्या माणसाला पाठीची खाज दिसली नसती, त्याने डोळ्यांत पाणी काढलं असतं.

मारीच्या चेहऱ्याबाबत मात्र ठोंब्यांशी सहमत. तिथे नुसतं बघणं नाही. तिथे काहीतरी आधीच ठरवलेलं आहे.

खडूफळा

गिरकी, वा.

डोळ्यांवरून. 1870 च्या फ्रान्स-प्रशिया युद्धात नॅशनल गार्डमध्ये भरती झाला तेव्हा उजव्या डोळ्यात दोष निघाला. पुढे नजर जातच राहिली. शेवटच्या वीसेक वर्षांतली पेस्टल बघा. ट्रेसिंग पेपरवर कोळशाने तीच मुलगी पुन्हा पुन्हा गिरवायची, जागा कमी पडली तर कडेला कागदाची पट्टी चिकटवायची, रंगाचा थर द्यायचा, फवारा मारून तो पक्का करायचा, परत वर थर. मॉस्कोच्या पुश्किन म्युझियममधल्या 'निळ्या नर्तिका' (1897 च्या आसपास) मी फक्त छापील पाहिल्यात. चार जणी आहेत की एकच मुलगी चारदा, ठरवता येत नाही. चेहरे जवळजवळ नाहीतच. खांदे, कोपरं आणि निळा.

पासाडेनाकर

उशिरा आलो. आमच्याकडे नॉर्टन सायमन म्युझियम आहे, तिथलं एक सांगतो. 'वाट पाहणे', 1882 च्या सुमाराचं पेस्टल. गेटी म्युझियम आणि नॉर्टन सायमन या दोघांनी मिळून 1983 मध्ये घेतलं, त्यामुळे ते आलटून पालटून दोन्हीकडे असतं. जायच्या आधी फोन करा, मी एकदा हात हलवत परत आलोय.

एका बाकावर दोघी. एक नर्तिका, वाकून घोटा धरून बसलेली. शेजारी काळ्या कपड्यांतली बाई, हातात छत्री, छत्रीचं टोक जमिनीला टेकवलेलं. आई असेल, कोण असेल. दोघी एकमेकींकडे बघत नाहीत. कसली वाट बघताहेत ते चित्रात कुठेच नाही. परीक्षा? निकाल? बोलावणं? बाकी सगळी जमीन रिकामी. माझी आई व्हिसाच्या मुलाखतीला अशीच बसली होती, छत्रीसकट.

मुक्काम पोस्ट

धागा वाचनखुणांत टाकलाय. झारीचं चित्र परत बघून आलात की लिहा, पाचोळा.

पाचोळा

बघून आले! शनिवारी एकटीच गेले. तिसरी घंटा, तोटी आणि पाय, अगदी बरोबर. चित्र जेमतेम अडीच फुटांचं आहे, मला मनात मोठं वाटत होतं. झारीजवळच्या जमिनीवर पाणी शिंपडल्याचे काळसर फराटेसुद्धा दिसतात.

आणि त्या झारीचा किस्सा वाचला का? देगाने हे चित्र आंरी रुआर या मित्राला दिलेलं. पुढे त्याच्या घरी गेला की देगाला ती झारी खुपायची. म्हणायचा, मूर्खपणा झाला, काढून टाकतो. त्याला चित्रं दुरुस्तीला परत न्यायची खोड होती आणि नेलेलं चित्र धड परत येईल याची खात्री नसायची. म्हणून रुआरने चित्र साखळीने भिंतीला बांधून ठेवलं होतं असं सांगतात. 1912 मध्ये रुआरच्या संग्रहाचा लिलाव झाला, तेव्हा ते 4,78,000 फ्रॅंकला गेलं. जिवंत चित्रकाराच्या चित्राला लिलावात एवढी रक्कम तोवर कधी मिळाली नव्हती. देगाला त्यातला एक पैसाही मिळायचा नव्हता. कसं वाटतंय विचारल्यावर म्हणाला म्हणे, शर्यत जिंकलेल्या घोड्यासारखं, ज्याला बक्षीस म्हणून आणखी एक पिशवी ओट्स मिळतात.

ठोंब्या

झारीसकट 4,78,000. झारी काढली असती तर?

तिसरी घंटा

तर धूळ उडाली असती.